भीमसिंगचा आडवा दोर

भीमसिंग राठोड कशाकशाला भितो हे सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. तो विजेला भितो. बैलाच्या शिंगांना भितो. अनोळखी नंबरवरून फोन आला की मोबाइल उशीखाली घालून अंगणात जाऊन बसतो. आणि या सगळ्याहून जास्त तो पाण्याला भितो. नाव भीमसिंग आणि तऱ्हा ही. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, हे मी त्याला तोंडावर ऐकवलेलं आहे. मी शिक्षिका आहे, ऐकवणं हा माझा पगारी धंदा. त्यावर तो नुसता हसला.

"मॅडम, भेव वाटते तं वाटते. त्याले मी काय करू?"

आणि असा हा माणूस पोट भरतो ते धरणातले मासे आणि झिंगे धरून.

त्याचा तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, आमच्या गावाला लागूनच आहे. पूर्वी तो खाली होता. धरण भरलं तेव्हा तांडा बुडाला आणि माणसं वर टेकाडावर आली. भीमसिंग तेव्हा लहान होता. पाणी एकदम आलं नाही, असं तो सांगतो. रोज थोडं थोडं वर चढत राहिलं आणि मोठी माणसं म्हणत राहिली, अजून वेळ आहे. मग एका सकाळी तो उठला तर चुलीत पाणी होतं आणि आईचं भगुणं घरात तरंगत होतं. "ओरडलं नाई, वाजलं नाई, घरात येऊन बसलं," एवढंच तो म्हणतो आणि विषय बदलतो. मला ते ऐकल्यापासून त्याच्या भित्रेपणावर पहिल्यासारखं हसता येत नाही. तरी हसते, तो भाग वेगळा.

माझी शाळा पलीकडच्या काठावर आहे, दोन खोल्यांची. रस्त्यानं जायचं तर दिग्रसच्या बाजूनं वळसा घालून एसटी बदलावी लागते आणि अर्धी शाळा रस्त्यातच भरते. म्हणून मी मानीबाईच्या डोंग्यातून जाते. मानीबाई म्हणजे भीमसिंगची बायको. तांड्यावरच्या बायका पलीकडच्या शेतांत कापूस वेचायला जातात, त्यांना ती सकाळी नेते आणि दुपार कलल्यावर आणते. मी त्यांच्यात एक.

हा डोंगा पत्र्याचा, रुंद बुडाचा आहे आणि त्याला शीड आहे. अख्ख्या धरणावर शीड असलेली नाव ही एकच. नवराबायको तरुणपणी कोकणात रस्त्याच्या कामाला गेले होते. तिथं खाडीत शिडाच्या होड्या बघून मानीबाईनं ते डोक्यात ठेवलं. भीमसिंगनं त्याच खाडीत माणसं पलीकडे नेणारी होडी नाकारून पुलापर्यंत उन्हात पायपीट केली होती, हेही ती हटकून सांगते. इकडे आल्यावर तिनं कापूस झाकायच्या पिवळ्या ताडपत्रीचं शीड केलं. कडेला लाल दोऱ्याचे टाके आहेत, तिच्या गोधडीला असतात तसेच. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा सगळ्या मिळून वल्ही मारतो. दुपारी वारा पाठीशी येतो, मग ती शीड चढवते आणि दमलेल्या बायका पाय पसरून बसतात.

मी पाय पसरत नाही. मला पोहता येत नाही. मी बसायच्या फळीला दोन्ही हातांनी धरून बसते आणि काठ येईपर्यंत सोडत नाही. हंसाबाई नावाची एक म्हातारी वेचणीला येते, ती मला म्हणते, "मॅडम, फळी कोनी चोरत नाई." म्हणजे भित्र्यांच्या यादीत मीही आहे, हे आधीच सांगून टाकते.

आता भीमसिंगच्या पिंजऱ्यांकडे येते, कारण सगळं त्यातून झालं.

धरणावरचे बाकीचे मासेमार जाळीचा पिंजरा तळाला सोडतात, त्याला एक दोरी आणि दोरीच्या वरच्या टोकाला तरंगणारा रिकामा डबा. प्रत्येक पिंजरा सुटा. भीमसिंगचं तसं नाही. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरायचा. वाटेत एका बैलाचा दोर पुढच्या बैलाला बांधलेला असायचा, अंधारात रानात एकही चुकायचा नाही. आजा म्हणायचा, एकाला एक बांधला की कोणी हरवत नाही. भीमसिंगनं पाण्यात तेच केलं. पिंजऱ्यांच्या उभ्या दोऱ्या मध्यावर एकमेकींना बांधल्या, एकच लांब आडवा दोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीचे मासेमार हसायचे, भीमसिंगचा तांडा निघाला म्हणायचे. त्यानं मनावर घेतलं नाही.

पण पिंजरे हरवू नयेत एवढ्यासाठीच तो दोर नव्हता. काठाजवळचा पहिला डबा उचलायचा, आडवा दोर वर ओढून घ्यायचा आणि त्याला धरून हातानं हातानं आपला लहान डोंगा पुढे सरकवत जायचं, अशी त्याची रीत. वल्हं घेऊन मोकळ्या पाण्यात तो कधी गेलाच नाही. एकदा मी विचारलं तेव्हा त्यानं खरं ते सांगितलं.

"हातात दोर असला का काठ हातात असल्यावानी वाटते, मॅडम. दोर सुटला तं मी गेलो."

पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा उभ्या दोऱ्या ताणलेल्या राहतात आणि आडवा दोर खोल राहतो. मानीबाईचा डोंगा त्यावरून खुशाल जातो. तिला वाटही तीच आहे. एका अंगाला जुन्या तांड्यावरच्या बुडालेल्या झाडांची खोडं, दुसऱ्या अंगाला खडक. पण या जानेवारीत हरभऱ्याला आणि गव्हाला कालव्यात पाणी सोडलं आणि धरण भराभर उतरलं. उभ्या दोऱ्या सैल पडल्या. आडवा दोर प्लास्टिकचा, तरंगणारा. तो हळूहळू वर आला आणि पाण्याच्या कातडीखाली येऊन पडून राहिला. वरून कोणालाच दिसत नव्हता.

त्या दुपारी वारा नेहमीपेक्षा जोराचा होता. शीड फुगलेलं, बायका गप्पांत. भीमसिंगची सून ममता पुढच्या टोकाला बसून पदरातल्या शेंगा सोलत होती. दोन डब्यांच्या मधून आम्ही निघालो आणि कोणीतरी मागून धरून खेचावं तसा डोंगा थांबला. सुकाणू दोरात अडकलं होतं. पण वारा थांबला नव्हता. शिडानं डोंग्याला आडवं फिरवलं आणि तो एका कुशीवर कलला. माझ्या मांडीवरून पाणी आत आलं. थंडगार होतं. मी ओरडले असेन असं मला वाटत होतं, पण हंसाबाई म्हणते की माझ्या तोंडातून आवाजच निघाला नाही. माझ्या पोराचं तोंड डोळ्यांपुढे आलं, आणि भाताचा कुकर लावायचा राहिला हेही त्याच क्षणी आठवलं. भीतीला काही ताळतंत्र नसतं.

मानीबाईनं सगळ्यात आधी शिडाची दोरी सोडली. ताडपत्री फडफड करत मोकळी झाली, डोंगा सरळ बसला. पण दोरानं मागचं टोक खाली धरून ठेवलं होतं आणि लाट आली की पाणी मागून आत येत होतं. ती पालथी पडली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि विळ्यानं खाली घाव घालायला लागली. ममता तिचे पाय धरून बसली होती. दोर ओला, पीळदार, तुटता तुटेना. शेवटी तुटला. डोंगा सुटला तेव्हा त्यात आमच्या घोट्याच्या वर पाणी होतं आणि शेंगा तरंगत होत्या.

काठावर भीमसिंग उभा होता. गुडघ्याएवढ्या पाण्यात. आपल्या पायांनी तो एवढ्या पाण्यात कधी गेला नव्हता आणि त्यापुढे त्याला जाता आलं नव्हतं. सगळं त्यानं तिथून बघितलं होतं. पागोटं पडून पाण्यात भिजत होतं, तेही त्याला कळलं नव्हतं.

मानीबाई उतरली. दोराचा तुकडा तिनं त्याच्या हातात दिला. दोघं आपसात गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलतात, मला आता ती समजते. इथं मी ती आमच्या बोलीत लिहिते, आणि तिच्यात बायकाही 'मी होतो' असंच म्हणतात.

"तुमचा दोर आहे," ती म्हणाली. "सून होती डोंग्यात. मी होतो."

मग मी बोलले. जीव वाचला की माणसाला राग येतो, मला तर तसाही येतो. एवढ्या बायकांचे जीव तुझ्या एका दोरापायी जाणार होते, सगळे सुटे पिंजरे टाकतात, तू काय जगावेगळा लागून गेलास, वगैरे. मी त्याला अहोजाहो करते, त्या दिवशी एकेरीवर आले. तो मान हलवत "हो, मॅडम" म्हणत राहिला.

मला वाटलं, झालं, उद्या दोर निघाला. कसला निघतोय. दुसऱ्या दिवशी त्यानं तुटलेला दोर जोडला. आणि डब्यांना लाल चिंध्या बांधल्या, लांबून दिसाव्यात म्हणून.

"चिंधी मले दिसते," मानीबाई म्हणाली. "वाऱ्याले दिसते का? शिडाच्या डोंग्याले ब्रेक नाई, शामच्या बाबू." शाम त्यांचा मुलगा, तो दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये असतो.

"मंग शीड लावू नोको. वल्हवत ये."

"भरल्या डोंग्यानं वल्हवत आलो तं मंधातच अंधारते. खोडं दिसत नाई. दोरानं नाई मेलो तं खोडानं मरू."

वाट एकच होती आणि ती त्याच्या दोरावरून जात होती. हे त्याला चांगलं कळत होतं. तो दुपारपासून काठावर येऊन उभा राहायचा आणि आमचा डोंगा डबे ओलांडेपर्यंत श्वास धरायचा. मानीबाई त्या जागी आली की सुकाणू उचलून घ्यायची. त्या तेवढ्या वेळात डोंगा कोणाचाच नसायचा, नुसता वाऱ्याचा. बायका गप्पा बंद करायच्या. मी फळी धरून डोळे मिटायची. एकदा तळाखालून दोर खरखरत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी माझ्या बुडाखालून. काठावर भीमसिंग मटकन खाली बसला.

ममतानं सांगितलं, बाबूंचं, म्हणजे सासऱ्यांचं, जेवण सुटलंय. भाकरी पुढे घेतात आणि विचारतात, आज वारा होता का?

मी मानीबाईला म्हणाले, तुझ्याकडे विळा आहे. तूच काप ना सगळा दोर, त्याची वाट कशाला बघतेस?

तिनं वल्हं आडवं ठेवलं. मग म्हणाली, "कापता येते मले. पण म्या कापला तं थो पाण्यात पुन्हा जाणार नाई. घरात बसन. एक दिवस बसला का जन्मभर बसला. मी ओळखतो त्याले. थोडे दिवस पाहातो, मॅडम. नाई जमलं तं कापतोच."

"आणि तोवर आमचं काय?" मी विचारलं. मला तिचाही राग आला होता. नवऱ्याची भीती सांभाळायला ही आमचे जीव टांगणीला लावते, हा कुठला न्याय? दुसऱ्या दिवसापासून मी एसटीनं गेले. वळसा घातला, उशिरा पोचले, रिकाम्या वर्गापुढे उभी राहिले, पोरं घरी निघून गेली होती. दोन खोल्यांच्या शाळेत मास्तरीणच आली नाही तर शाळाच नाही. पुन्हा मुकाट्यानं डोंग्यात येऊन बसले. हंसाबाईनं सरकून मला माझी फळी दिली.

त्या दुपारी परत येताना मी काठाकडे बघितलं. भीमसिंग तिथं नव्हता.

मानीबाईनंही बघितलं. तिचा चेहरा मी त्या डोंगा कलण्याच्या दिवशीही घाबरलेला पाहिला नव्हता. आता तो पांढरा पडला. "कोठी गेला?" ती पुटपुटली. ममता पुढच्या टोकाला उभीच राहिली, हंसाबाईनं तिला ओढून खाली बसवलं. माझ्या मनात नको ते आलं. जेवत नव्हता, झोपत नव्हता, असा माणूस काय करेल याचा नेम काय? मी त्याला बोलले होते ते शब्द न् शब्द आठवायला लागले.

मग ममता म्हणाली, "याडी, थो पाहा." याडी म्हणजे आई.

तो पाण्यात होता. काठापासून सगळ्यात लांबचा जो शेवटचा डबा, त्याला त्याचा लहान डोंगा टेकलेला. डोंग्यात निळ्या दोराचा ढीग होता, त्याच्या कमरेएवढा. त्यानं काठाकडून सुरुवात केली होती. आडव्या दोराला धरून पुढे सरकायचं, मागचा तुकडा कापून आत घ्यायचा, पिंजऱ्याची सैल उभी दोरी आखूड करायची, तिच्या मध्यावर दगड बांधायचा म्हणजे पाणी अजून उतरलं तरी ती वर न येता खाली बसेल, आणि पुन्हा पुढे सरकायचं. असं करत करत तो टोकाला पोचला होता. पिंजरे सगळे सुटे झाले होते. आणि काठापर्यंत जायला धरायला काहीच उरलं नव्हतं.

वल्हं त्याच्या पायाशी होतं. ते उचलायला डबा सोडावा लागला असता. त्यानं डब्याला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं आणि गाल त्यावर टेकला होता. कधीपासून तसा होता कोण जाणे.

मानीबाईनं सुकाणू उचललं नाही. शीडही उतरवलं नाही. ती सरळ डब्यांच्या मधून आली. आम्ही सगळ्या श्वास रोखून होतो. मी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवले. तळाखाली काही लागलं नाही. खरखर नाही, हिसका नाही, नुसतं पाणी. हंसाबाईनं हात जोडून सेवालाल महाराजांचं नाव घेतलं.

पलीकडे गेल्यावर मानीबाईनं शीड पाडलं आणि वल्ह्यानं त्याच्याजवळ आली. तो मान वर करेना.

"शामच्या बाबू."

"झालं," तो म्हणाला. दात वाजत होते. "सगळं काढलं. एक तुकडा नाई ठेवला. तुले आता काही लागणार नाई."

"पाह्यलं मी. चला आता. वल्हं घ्या."

"लई भेव वाटून राह्यलं, मानी. हात सुटून नाई राह्यले." मग इतक्या बायकांपुढे, सुनेपुढे, माझ्यापुढे तो म्हणाला, "मले बांधून ने."

कोणी हसलं नाही. मानीबाईनं त्याच्या डोंग्यातला एक दोराचा तुकडा ओढून घेतला, एक टोक त्याच्या डोंग्याच्या कडीत घट्ट बांधलं आणि दुसरं आमच्याकडे आणलं. सुकाणूला ते बांधता येईना, पुन्हा अडकलं असतं. तिनं इकडेतिकडे बघितलं. मागच्या फळीवर मीच होते.

"मॅडम, फळीले एक वेढा द्या. गाठ मारू नोका. टोक हातात धरा. काही झालं तं सोडता आलं पाह्यजे."

दोर धरायचा म्हणजे फळी सोडायची. मी आधी एक हात सोडला. मग दुसरा. पाण्याच्या मधोमध, कशालाही न धरता बसले तेव्हा या माणसाला रोज काय वाटत असेल ते मला कळलं. मग दोर हातात आला. ओला होता, जड होता. मानीबाईनं शीड अर्धंच चढवलं, दोर ताठ झाला आणि भीमसिंगचा डबा त्याच्या मिठीतून आपोआप सुटला. त्यानं दोन्ही हातांनी आपल्या डोंग्याचे काठ धरले.

"एकाले एक बांधला," मानीबाई पुढे बघत म्हणाली, "का कोनी हरवत नाई."

त्याला ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही. तो माझ्या हातांकडेच बघत होता.

"मॅडम, सोडू नोका."

"नाही सोडत, भीमसिंगभाऊ," मी म्हणाले. दोर माझ्या तळहातात रुतत होता. काठ लागेपर्यंत मी तो सोडला नाही.